आटवलेलं पाणी

शहरातून आलेल्या त्या पोरीनं हापशाच्या तोंडाला लाल रंग फासला, तेव्हा सफुरा गोठ्याच्या कुडाआडून बघत होती. अंगणात गावातले पुरुष जमले होते, त्यामुळं तिला पुढं होता येईना, आणि बघितल्यावाचून राहवेना.

पोरीचं नाव नासरीन. सायकलच्या मागं पेटी बांधून आली होती. तिनं हापशाचं पाणी एका बाटलीत धरलं, त्यात कसलीशी पूड टाकली आणि बुचाखाली कागदाची पट्टी अडकवून दिली. पट्टी आधी पांढरी होती. बघता बघता पिवळी झाली, आणि मग चहात बुडवल्यासारखी तपकिरी.

"चाचा, हे पाणी प्यायचं नाही," नासरीन म्हणाली. "स्वयंपाकालाही नको. कपडे धुवा, गुरं धुवा, पण पोटात जाऊ देऊ नका."

सफुराच्या नवऱ्यानं, तोफाज मियांनी, दाढीवरून हात फिरवला. "का गं? काय झालंय माझ्या पाण्याला? अख्ख्या काजलचरात असं थंडगार पाणी दुसरीकडं दाखव मला."

"थंड असेल हो, चाचा. पण आर्सेनिक आहे त्यात. विष आहे. कुणी घातलेलं नाही, जमिनीच्या पोटातच आहे ते. वर्षानुवर्षं पोटात गेलं की अंगावर फुटतं. हातापायाला घट्टे पडतात, पुढं त्याच्या जखमा होतात, कॅन्सर होतो."

"म्हणजे मी मेलोय म्हण की!" तोफाज म्हणाला, आणि मंडळी खो खो हसली. त्याला तेवढंच पाहिजे होतं. तो उठला, दांडा खालीवर केला, ओंजळ भरून सगळ्यांदेखत प्याला आणि लुंगीला तोंड पुसलं. "बघ. मेलेला माणूस पाणी पितोय."

नासरीन हसली नाही. तिनं डब्यातून ब्रश काढला आणि हापशाचं तोंड लाल करून टाकलं. तोफाजचं हसू तिथंच विरलं. सफुराला कुडाआडून त्याचा चेहरा दिसला. चारचौघात कुणी पागोटं उडवावं तसा तो उभा होता.

आता हा हापसा काही असातसा नव्हता. सफुराचा मुलगा लोकमान जन्मायच्या आधीची गोष्ट. सफुराला पहिली मुलगी होती, मोती. दुडुदुडु चालायला लागली होती. त्या काळी सगळी वस्ती तळ्याचंच पाणी प्यायची. त्याच तळ्यात गुरं, त्याच तळ्यात कपडे, त्याच तळ्याचा भात. एका सकाळी मोतीला जुलाब-वांत्या सुरू झाल्या. दुपारच्या अजानच्या वेळी पोरीचे डोळे खोल गेले आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. मागाहून सरकारी डॉक्टर होडीतून आला. सफुरा दारात बसली होती. तो तिच्याकडं बघून म्हणाला, "बाई, पाणी उकळून दिलं असतंस तर वाचली असती. उकळलं की पाण्यातला रोग मरतो, एवढं लक्षात ठेव." तिनं ते लक्षात ठेवलं. असं लक्षात ठेवलं, की काय सांगावं.

त्याच साली तोफाजची आई गोलापजान आजारी पडली. नातीच्या दुःखानं म्हातारी खचलीच होती. जाताना मुलाचा हात धरून म्हणाली, "बाबा, माझ्या नावानं कसलं जेवण घालू नकोस. एक हापसा बसव. लोक पाणी पितील, त्याचं पुण्य, त्याचा सवाब मला कबरीत मिळत राहील." तोफाजनं दावणीची गाय विकून हापसा बसवला. तेव्हा नदीतून कर्णे लावलेल्या होड्या फिरायच्या, तळ्याचं पिऊ नका, हापशाचं प्या म्हणून ओरडायच्या. साऱ्या वस्तीच्या बायका कळश्या घेऊन तोफाजच्या अंगणात यायला लागल्या. संध्याकाळी तो ओसरीवर बसायचा, दांड्याची करकर ऐकायचा आणि म्हणायचा, "ऐकलंस का लोकमानची मा? आईला पोचतंय."

लोकमान त्या हापशाच्या पाण्यावरच वाढला. सफुरानं त्याला तळ्याचा थेंब लागू दिला नाही. इतर पोरं तळ्यात डुंबायची, नाकातोंडात पाणी घ्यायची. लोकमान काठावर उभा राहून रडायचा. बायका हसायच्या. म्हणायच्या, "सफुरा, पोराला काय शिंक्यावर ठेवणार आहेस का?" ती म्हणायची, "ठेवीन. तुमचं काय जातंय?" आणि पोर वाचलं. उंचापुरा, रुंद छातीचा झाला. त्याचं लग्न झालं, कोहिनूर घरात आली, टुनी झाली. सफुराला वाटायचं, सासूबाईंच्या हापशानं माझं घर पुन्हा उभं केलं.

त्या हापशाला लाल रंग.

"मा, ती पोरगी म्हणाली ते हाताचं," त्या संध्याकाळी लोकमान जेवता जेवता म्हणाला, "माझ्याही हाताला आहे की."

"कष्टाचे हात आहेत ते," सफुरा म्हणाली. "घट्टे पडायचेच. तुझ्या बाजानचे बघ."

पण तिनं बघितलं होतं. लोकमानच्या तळहातावर तांदळाच्या कण्या पेरल्यासारखे टणक दाणे होते. छातीवर काळे-पांढरे ठिपके होते, धुळीवर पावसाचे थेंब पडून जावेत तसे. आणि उजव्या पंज्यात, अंगठ्याच्या खाली, एक दाणा फुटून चिघळला होता. तो काही केल्या भरत नव्हता. वैदूनं लेप दिला होता, इमामसाहेबांनी पाणी फुंकून दिलं होतं. सफुरानं हळद भरून बघितली होती.

श्रावण उतरत आला आणि ताग काढायचे दिवस आले. कुजत घातलेल्या पेंढ्यांचा वास साऱ्या गावावर बसला होता. त्या दिवसांत घरोघरची माणसं एकमेकांच्या कामाला जायची. आज याचा ताग, उद्या त्याचा. कमरेएवढ्या काळ्या पाण्यात रांगेनं उभं राहायचं, पेंढीचा बुडखा मोगरीनं ठेचायचा, काडी मोडायची आणि धागा हाताला गुंडाळून हिसका द्यायचा. सळसळत सबंध साल निघून यायची. लोकमानसारखा हिसका वस्तीत कुणाला जमायचा नाही.

त्या वर्षी शेजारच्या कासेमचा ताग सोलायला तो पाण्यात उतरला. सफुरा काठावर काड्या उभ्या करून वाळवत होती. धागा गुंडाळला, हिसका दिला, आणि लोकमान जागच्या जागी वाकला. हातातला धागा लाल झाला होता.

"काय रे, हात आहे का कासवाची पाठ?" कासेम हसत म्हणाला. मग त्यानं नीट बघितलं आणि हसायचा थांबला. "लोकमान, तू वर जा."

"कापड बांधतो. होतंय काम."

"वर जा म्हणतो ना. आम्ही सगळे याच पाण्यात उभे आहोत." कासेम इकडं तिकडं बघत, हळू आवाजात म्हणाला, "कुष्ठ असलं तर? माझी लेकरंबाळं आहेत, भाऊ. वाईट वाटून घेऊ नकोस."

रांगेतले बाकीचे मोगरी हातात धरून उभे होते. लोकमान पाण्यातून बाहेर आला. त्याच्या अंगावरून घाण पाणी ओघळत होतं. तो आईच्या जवळून गेला, पण तिच्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी यांच्या तागाला कुणीच आलं नाही. तोफाज, सफुरा आणि कोहिनूर, तिघांनी मिळून जमेल तेवढा सोलला. उरलेला कुजून चिखल झाला.

मग एका संध्याकाळी सफुरानं नवऱ्याजवळ विषय काढला. "अहो, ती पोरगी खरं बोलत असेल तर? पलीकडच्या भुइयांच्या हापशाला हिरवा रंग लावलाय म्हणे, पाणी चांगलं म्हणून. आपण तिकडून..."

"भुइयांच्या दारात?" तोफाज ताडकन उठला. "ज्याचं अर्धं घरदार माझ्या आईच्या हापशाचं पाणी पिऊन वाढलं, त्याच्या दारात तू कळशी घेऊन उभी राहणार? आणि इथलं बंद केलं तर आईनं कबरीत काय करायचं? तोंड वासून बसायचं? विष म्हणे! माझ्या आईच्या नावाचं पाणी विष होईल?"

त्याचा आवाज फुटला. सफुरानं विषय तिथंच सोडला. तिलाही सासूची भीती वाटायची, मेलेल्या माणसाची वाटते तशी. मग रात्रभर डोक्यात घोळत राहिलेलं तिनं सकाळी बोलून दाखवलं.

"मी उकळून देते. डॉक्टरसाहेब म्हणाले होते ना, उकळलं की पाण्यातला रोग मरतो? मोतीच्या वेळी नाही दिलं. आता देते."

तोफाजच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "हां. हे बोललीस शहाण्यासारखं."

त्या दिवसापासून तिच्या चुलीला उसंत नव्हती. तागाच्या काड्या भसाभसा पेटायच्या आणि भसाभसा जळून जायच्या, म्हणून सारखं जवळ बसून सारावं लागायचं. मोठं पातेलं काठोकाठ भरून चुलीवर ठेवायची आणि नुसतं उकळून थांबायची नाही. अर्धं आटू द्यायची. दोन पातेल्यांचं एक करायची. थोडाही रोग राहायला नको, हा तिचा हिशेब. काढा आटवला की कस उतरतो, तसं हेही. धुरानं डोळे चुरचुरायचे, पदरानं पुसायची आणि पुन्हा काडी सारायची.

"मा, तुझ्या पाण्याला धुराचा वास येतो," लोकमान म्हणायचा.

"येऊ दे. औषध म्हणून पी."

"वाईट नाही म्हणत. आवडतो मला." आणि तो गटागटा प्यायचा. प्याल्यातलं उरलेलं टुनी मागायची. "मला, मला!" बापलेक एकाच प्याल्यानं प्यायचे, आणि सफुराचा जीव सुपाएवढा व्हायचा. वस्तीतल्या बायका एक एक करून हापशावर यायच्या बंद झाल्या. करकर थांबली. तोफाज संध्याकाळी ओसरीवर बसायचा तो नुसताच. मग उठून स्वतःच दांडा हलवायचा, बादलीभर पाणी काढायचा आणि एक ओंजळ प्यायचा. कुणीतरी प्यायला हवं होतं.

पावसाळा सरला. लोकमानचा हात काही बरा झाला नाही. जखम फुलकोबीसारखी वर आली, तिला वास यायला लागला. कोहिनूर चिंध्या उकळून बांधायची, बांधताना तोंड फिरवायची नाही. मग काखेत गाठ आली. खोकला लागला. तेव्हा कुठं तोफाज त्याला लाँचमध्ये घालून मोठ्या गावच्या इस्पितळात घेऊन गेला.

तिथं त्यांनी अर्धा पंजा कापला. छातीचा फोटो काढला. डॉक्टर खिडकीच्या उजेडात फोटो धरून उभा होता, मागं माणसांची रांग होती.

"पाणी कुठलं पिता?" त्यानं वळून न बघताच विचारलं.

"उकळलेलं, साहेब," तोफाज अदबीनं म्हणाला. "माझी बायको रोज उकळते. अर्धं आटवून देते."

"बरं," डॉक्टर फोटोकडं बघत म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं तोफाजला बाजूला घेतलं. कॅन्सर हातातून निघून छातीत गेलाय, म्हणाला. घरी घेऊन जा. खायला मागेल ते द्या.

हे तोफाजनं घरी आल्यावर सफुराला सांगितलं, पण शेवटचं वाक्य तेवढं गाळलं. ते तिला त्याच्या बोलण्यावरून कळलंच. ती उठली, पातेलं घासलं, पाणी भरलं आणि चूल पेटवली. आता तिला अर्धंही पुरेना. पाव उरेपर्यंत आटवायला लागली.

लोकमान ओसरीवर पडून असायचा. अंगावर मांस उरलं नव्हतं. उजवा हात कापडात गुंडाळून छातीवर ठेवलेला. डाव्या हातानं टुनीला ताग वळायला शिकवायचा. पोरीला यायचं नाही, दोघं हसायची, हसता हसता त्याला खोकला यायचा आणि कोहिनूर धावत यायची.

माघात, एका दुपारी, नासरीन पुन्हा आली. लाल रंगाचे हापसे लोकांनी सोडले की नाही ते बघत फिरत होती. अंगणात आली आणि लोकमानला बघून जागीच उभी राहिली. गळ्यातली ओढणी तिनं उगाचच सारखी केली.

तोफाज शेतावर होता. सफुरा चुलीशी होती. या खेपेला अंगणात परका पुरुष नव्हता, म्हणून ती पुढं आली. "ये गं पोरी, बस. तू रंग लावून गेलीस, आम्ही वाईटसाईट बोललो असू. पण तुझं ऐकलं हो मी."

"बरं झालं, खाला. पाणी कुठून आणता मग?"

"आणायचं कशाला? हे काय." सफुरानं पातेल्याकडं बोट केलं. तिच्या बोलण्यात थोडी ऐटच होती. "सगळं उकळून. नुसतं उकळून नाही बरं का, पाव होईपर्यंत आटवते. माझ्या पोराला नि नातीला याच्याशिवाय थेंब देत नाही."

नासरीन पातेल्याकडं बघत राहिली. पाणी खदखदत होतं. बाजूला काड्यांचा भारा होता.

"कधीपासून, खाला?"

"तू गेलीस तेव्हापासून."

नासरीन खाली बसली. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "खाला, उकळून जातो तो जंतू. जुलाबाचा, पटकीचा. हे तसलं नाही. हे धातूसारखं आहे, सोमल म्हणतात ना, तेच. ते मरत नाही, उडून जात नाही. तुम्ही डाळ आटवता तेव्हा..." ती थांबली. पुढं बोलू की नको, असं झालं तिला.

"खारट होते," सफुरा म्हणाली.

तिनंच वाक्य पुरं केलं. स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या बाईला ते कुणी शिकवायला नको होतं. पाणी उडतं, मीठ राहतं. ती पातेल्याकडं बघत होती. हातात काडी होती, ती पेटून बोटांपर्यंत आली तरी तिला कळलं नाही.

कोहिनूर दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ओसरीवर टुनी बापाचा प्याला तोंडाला लावत होती. कोहिनूरनं झेप घेतली आणि प्याला हिसकावून अंगणात भिरकावला. पोर घाबरून रडायला लागली. लोकमाननं मान उचलली. "काय झालं? का मारलंस तिला?"

"मारलं नाही," कोहिनूर म्हणाली. तिनं सासूकडं बघितलं. काय नव्हतं त्या नजरेत! सफुराला वाटलं, हिनं आता ओरडावं, माझे केस धरावेत, सगळ्या वस्तीला गोळा करून सांगावं. पण कोहिनूरनं टुनीला उचललं आणि नवऱ्याला म्हणाली, "माशी पडली होती पाण्यात." आणि आत जाऊन कुडाला डोकं टेकून उभी राहिली.

नासरीन जाताना सफुराच्या पायाशी वाकली. "खाला, तुमच्यामुळं नाही हो झालं. हा आजार आधीचाच होता, कितीतरी वर्षांचा. या थोड्या महिन्यांच्या पाण्यानं काही फरक..."

"जा पोरी," सफुरा म्हणाली. "ऊन उतरायच्या आत जा."

दिवस कलल्यावर तोफाज घरी आला. सफुरा हापशाशी बसली होती. चूल विझली होती. त्यानं विचारायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं, एका दमात, डोळ्यांत पाणी न आणता. मग म्हणाली, "तुमच्या आईला सवाब पोचवायला आपण माझ्या पोराला विष पाजलं, लोकमानचे बाजान. एक पोर तळ्याला दिलं, एक हापशाला. आता टुनी आहे. तिला नाही देणार मी. तुम्ही काढणार नसाल तर दगडानं फोडते."

तोफाजला रागवायचं होतं बहुतेक. पण तो गोठ्यातून पाना घेऊन आला आणि दांड्याच्या बोल्टला लावला. बोल्ट गंजला होता. त्याच्या तळहातांनाही त्याच कण्या होत्या, पकड बसेना. पाना निसटायचा आणि बोटं लोखंडावर आपटायची. सफुरा उठली. तिनं पान्यावर आपले हात ठेवले, आणि दोघांनी मिळून जोर लावला. बोल्ट फिरला तसा तोफाज लहान पोरासारखा रडायला लागला. "मा, रागावू नकोस गं. मला माहीत नव्हतं. मा, मला माहीत नव्हतं." आईला म्हणत होता. मुलाला म्हणायची त्याची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सफुरा कळशी घेऊन भुइयांच्या दारी गेली. हिरव्या तोंडाचा हापसा होता. बायकांची रांग होती. तिला बघताच दोघीतिघींनी आपल्या कळश्या बाजूला सरकवल्या.

भुइयांची थोरली बायको पायरीवर पान लावत बसली होती. "या की! गोलापजानच्या सुनेला आमची आठवण झाली म्हणायची. एवढं थंडगार पाणी होतं ना घरी?"

"होतं, भाबी."

"दांड्याला हात नको लावूस हं. राग मानू नकोस, पण आमच्या घरात पोरंबाळं आहेत. माझी सून देईल हापसून. कळशीही जरा लांबच धर."

"लागण होणारा आजार नाही तो, भाबी," सफुरा म्हणाली.

"असेल नसेल. आपण का जीव धोक्यात घालावा?"

सफुरानं कळशी लांब धरली. पाण्याची धार बाहेर सांडत होती, तिची साडी भिजत होती. एके काळी याच बाईची सगळी बाळंतपणं तिच्या अंगणातल्या पाण्यावर झाली होती. ते तिच्या ओठांवर आलं आणि तिनं गिळलं. कळशी भरली. ती कडेवर घेऊन निघाली. वाटेत एकदाही खाली ठेवली नाही.

घरी आली तेव्हा लोकमान जागा होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"मा, पाणी."

कोहिनूरनं कळशीतलं पाणी प्याल्यात ओतून त्याच्या तोंडाला लावलं. त्यानं एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं. "हे नाही. हे कच्चं आहे. मा, तुझं दे ना. धुराचं."

कोहिनूर आणि सफुरा एकमेकींकडं बघत राहिल्या. काल दुपारपासून दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मग कोहिनूर उठली आणि काड्यांचा भारा घेऊन आली. चुलीशी ठेवला.

सफुरानं भुइयांच्या हापशाचं पाणी पातेल्यात ओतलं आणि चूल पेटवली. काड्या जरा ओल्या होत्या, भरपूर धूर झाला. तिनं तो होऊ दिला. पातेल्यावर झाकण ठेवलं नाही. धूर पाण्यावर उतरत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिनं पदर उचलला नाही. धुराचंच आहे म्हणायची सोय होती. पाणी उकळून कोमट झालं तसं तिनं प्याला भरला, पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पाजलं.

लोकमान डोळे मिटून पाणी प्याला. "हां," तो म्हणाला. "हे. आज गोड लागतंय गं. जास्त आटवलंस का?"

"हो रे बाबा. खूप आटवलं आज."

"तरीच." तो थोडा वेळ दम खात पडला. मग डाव्या हातानं आईचं मनगट धरलं. "मा, मी नसलो तरी टुनीला असंच देत जा. उकळून. कच्चं देऊ नकोस कधी. कोहिनूरला कंटाळा येईल, तू देत जा."

कोहिनूर पाठमोरी बसून टुनीच्या केसांना तेल लावत होती, तिचा हात थांबला.

"शब्द दे, मा."

"दिला," सफुरा म्हणाली. "माझ्या हातानं देईन."

प्याल्यात घोटभर उरलं होतं. टुनी धावत आली. "मला!" या वेळी कोणी हिसकावलं नाही. पोर शेवटच्या थेंबापर्यंत प्याली आणि प्याला बापाच्या पोटावर उपडा ठेवून हसली.

त्यानंतर लोकमान फार दिवस राहिला नाही. फाल्गुनात गेला. मोतीच्या शेजारी त्याला पुरलं. मातीला आलेली माणसं परतताना तोफाजच्या अंगणात थांबली, आणि दांडा नसलेल्या हापशाकडं बघत कासेम चुकून बोलून गेला, "चाचा, आता लोकमानच्या नावानं एक..." मग त्याचं त्यालाच कळलं. तो मान खाली घालून निघून गेला.

सफुरा अजून रोज भुइयांच्या दारी जाते, कळशी लांब धरते, पाणी आणते. आणि रोज संध्याकाळी ते चांगलं पाणी चुलीवर ठेवून उकळते, धुरात बसून, काडी काडी सारत. उकळायची गरज नाही, हे तिला ठाऊक आहे, कोहिनूरला ठाऊक आहे. तरी कोहिनूर ताग निघाला की सासूसाठी कोरड्या काड्या तेवढ्या वेगळ्या काढून ठेवते.